बोरघाट आणि त्याचे किल्ले: घाट राखणे म्हणजे नेमके काय होते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बोरघाटाच्या माथ्यावर खंडाळ्यात किंवा पायथ्याशी खोपोलीत एकही किल्ला नाही, असे असताना लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना आणि कोरीगड यांना घाटाचे पहारेकरी का म्हणतात, आणि या किल्ल्यांनी एखाद्या शत्रूला घाट चढण्यापासून खरोखर अडवले होते का? मावळातल्या किल्ल्यांची पाहणी आणि त्यांच्या इतिहासाचे वाचन यांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या मुळाशी किल्ल्याच्या कामाविषयीची एक रूढ समजूत आहे आणि ती तपासून घ्यायला बोरघाटाइतके चांगले ठिकाण दुसरे नाही.

समजूत अशी की घाटरक्षक किल्ला म्हणजे वाटेवर बसवलेला दरवाजा; तो बंद केला की शत्रू खाली अडकला. बोरघाटात असे कधी घडलेले दिसत नाही. १७७८ मध्ये आणि पुन्हा १७८१ मध्ये इंग्रजांच्या फौजा हा घाट चढून वर आल्या, आणि सभोवतालचे सगळे किल्ले मराठ्यांच्या ताब्यात असूनही त्यांची चढण थांबली नाही. तरीही पहिल्या वेळी त्या फौजेला शरण यावे लागले आणि दुसऱ्या वेळी मोठे नुकसान सोसून कोकणात परतावे लागले. उलट १८१८ च्या मार्चमध्ये हेच किल्ले काही दिवसांत, बहुतेक ठिकाणी लढाईवाचून, इंग्रजांच्या हाती गेले. कडे तेच होते, टाक्यांतले पाणी तेच होते, तटबंदीही बहुतांशी तीच होती. फरक पडला होता तो किल्ल्यांबाहेरच्या फौजेत. हे किल्ले घाट अडवत नसत. घाटातून आलेल्या माणसाचे पुढे काय होणार हे ठरवण्याचे सामर्थ्य ते आपल्या बाजूच्या फौजेला देत असत, आणि ती फौजच नसली तर त्यांच्याकडे घाट राखण्यासारखे फारसे काही उरत नसे. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम भूगोल पाहू. कोकणातून देशावर येणाऱ्या माणसाला सह्याद्रीची भिंत एका दमात चढावी लागते. खोपोली ते खंडाळा ही चढण साधारण १,८०० फुटांची आहे. पण बोरघाटाचे महत्त्व चढणीपेक्षा तिच्या दोन टोकांना जे आहे त्यामुळे वाढले. खाली पनवेल, कल्याण आणि चौल ही बंदरे व बाजारपेठा. वर खंडाळ्याची कडा ओलांडताच इंद्रायणीचे रुंद आणि जवळजवळ सपाट खोरे, जे कार्ले, वडगाव, तळेगाव असे थेट पुण्याकडे उतरत जाते. सह्याद्रीतल्या बहुतेक घाटवाटांच्या माथ्यावर पुन्हा डोंगर आणि दऱ्यांचा गुंता लागतो. इथे मात्र एकदा माथा गाठला की गाडीवाटेने चालता येते. म्हणूनच हा रस्ता व्यापाऱ्यालाही हवा होता आणि तोफा ओढणाऱ्या सेनापतीलाही.

ही वाट किती जुनी आहे, याची साक्ष लेणी देतात. घाटाच्या उत्तरेला राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे, माथ्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले आणि भाजे, पवनेच्या खोऱ्याच्या बाजूला बेडसे अशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी या पट्ट्यात आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत धेनुकाकट, सोपारा, वैजयंती अशा दूरदूरच्या गावांच्या दात्यांची नावे आहेत. भाजे लेणी विसापूरच्याच डोंगरात आहेत. पुढे ज्या डोंगरांवर किल्ले उभे राहिले त्यांच्या कुशीत आधी विहार होते, हा योगायोग नाही. लेणी खोदणाऱ्यांना आणि किल्ला बांधणाऱ्यांना तीन गोष्टी सारख्याच हव्या होत्या: रहदारीची वाट जवळ, अखंड कातळ आणि त्या कातळात साठणारे बारमाही पाणी.

आता किल्ल्यांची मांडणी. राजमाची घाटाच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या खोऱ्यावर अगदी कड्याच्या टोकाशी आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे तिचे दोन बालेकिल्ले आहेत आणि त्यांच्या मधल्या माचीवर उधेवाडी वसली आहे. लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले घाटमाथ्यापासून आत, पूर्वेला, इंद्रायणी आणि पवना या दोन खोऱ्यांमधल्या डोंगररांगेवर उभे आहेत. त्यांच्या दक्षिणेला पवन मावळात तुंग आणि तिकोना हे दोन सुळकेवजा किल्ले, आणि आणखी नैऋत्येला, कोकणात उतरणाऱ्या निराळ्या वाटांच्या माथ्याजवळ, कोरीगड. घाटाखाली पनवेलच्या बाजूला कर्नाळा आणि प्रबळगड, ज्याचे जुने नाव मुरंजन. नकाशावर हे सारे ठिपके जोडले तर असे दिसते की बोरघाटाची चढण रिकामी सोडली आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना वाट जिथे जिथे फुटते तिथे तिथे एक किल्ला आहे.

यांपैकी कोणत्याही किल्ल्याची तोफ बोरघाटाच्या वाटेपर्यंत पोचत नव्हती. त्या काळच्या गडावरच्या तोफेचा परिणामकारक पल्ला मैलभराच्या आसपासचा. सर्वांत जवळची राजमाचीसुद्धा घाटाच्या वाटेपासून सरळ रेषेत काही मैल दूर, आणि मध्ये दरी. तेव्हा तोफांनी घाट अडवण्याचा विचार या किल्ल्यांच्या जागा निवडणाऱ्यांनी केलेलाच नव्हता. तसा विचार करणेही चुकीचे ठरले असते, कारण बोरघाट ही एकच वाट नव्हे. नागफणीच्या बाजूने उतरणारा कुरवंडे घाट, उत्तरेला आंदर मावळात येणारा कुसूर घाट, दक्षिणेला सवाष्णी आणि वाघजाई अशा कितीतरी वाटा या कड्यात आहेत. एका वाटेवर भिंत घातली तर हलकी फौज दुसऱ्या वाटेने येईल, आणि त्या भिंतीमागे अडकलेली शिबंदी, म्हणजे राखणीला नेमलेली माणसे, मात्र उपासमारीने मरेल.

मग हे किल्ले करत काय होते? पहिले काम पाहण्याचे. श्रीवर्धनच्या माथ्यावरून कोकणातली सपाटी, माथेरानचा डोंगर, प्रबळगड, ढाक, नागफणीचा सुळका आणि मागे लोहगड-विसापूर एका नजरेत येतात. कोकणातून एखादी मोठी फौज निघाली तर ती घाटाला लागण्याच्या कितीतरी आधी कळते. हजारो बैलांचा तळ लपवता येत नाही. लोहगडावरून तुंग आणि तिकोना दिसतात, तुंगावरून कोरीगड दिसतो. म्हणजे राजमाचीवर कळलेली बातमी पवन मावळात पोचायला घोडेस्वाराची वाट पाहावी लागत नसे. दुसरे काम साठ्याचे. धान्य, दारूगोळा, खजिना आणि कैदी ठेवायला इथल्या कातळातली कोठारे आणि टाकी सोयीची होती. तिसरे काम जकातीचे. मीठ, तांदूळ आणि बंदरावरचा माल घेऊन चढणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांकडून जकात वसूल करणारी चौकी वाटेवर असे, आणि तिच्या हुकमाला वजन येई ते मागे शिबंदी असलेला गड आहे म्हणून. चौथे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शत्रूची फौज घाट चढून पुढे गेली की तिच्या पाठीमागे हे सगळे गड आपल्याच हाती असत. तिला रसद आणणारा प्रत्येक बैल त्यांच्या नजरेखालून जाई, आणि त्या बैलांवर तुटून पडणाऱ्या स्वारांना रात्री परतायला, दाणागोटा घ्यायला आणि जखमी ठेवायला जागा मिळे.

मराठी राज्याला हे सगळे नीट ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे जे प्रकरण आहे, ते वाचताना मला नेहमी हेच किल्ले डोळ्यांपुढे येतात. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, गडाची वाट सुगम ठेवू नये, घेऱ्यातली झाडी राखावी आणि वाढवावी, गडाच्या समोर त्याच्या तोडीचा दुसरा डोंगर असू नये. असला तर सुरुंग लावून तो कमी करावा, आणि तेही साधत नसेल तर तो डोंगरही बांधून काढावा, अशा सूचना त्यात आहेत. शेवटची सूचना लोहगड आणि विसापूर यांना तंतोतंत लागू पडते. लोहगड सुमारे १,०३० मीटर उंच, विसापूर सुमारे १,०८० मीटर, आणि मध्ये फक्त गायमुख खिंड. लोहगड बळकट करून विसापूर मोकळा ठेवणे म्हणजे शत्रूला तोफा चढवायला जागा ठेवणे. म्हणून दोन्ही बांधले गेले. पण दोन्ही बांधले म्हणजे दोन्हींवर पुरेशी माणसे ठेवणे आले, आणि विसापूरचा पसारा पाहिलेल्या कोणालाही समजेल की त्या लांबलचक तटावर माणसे पुरवणे किती जड होते. याचा परिणाम १८१८ मध्ये दिसला. त्याकडे नंतर वळतो.

जुना राजकीय इतिहास थोडक्यात सांगतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटले तेव्हा मलिक अहमदने लोहगडासह या भागातले किल्ले घेतले आणि ते निजामशाहीत गेले. निजामशाहीने लोहगडाचा उपयोग राजघराण्यातल्या कैद्यांसाठीही केला. पुढे सुलतान झालेला दुसरा बुऱ्हाण काही काळ इथे कैदेत होता. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि हा प्रदेश आदिलशाहीकडे गेला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. घाटाखालची बंदरे आणि घाटावरचे किल्ले एकाच धन्याकडे आल्यावर बोरघाटाला खरे लष्करी मोल आले.

ते मोल मोगलांनीही ओळखले होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मिर्झाराजे जयसिंगांनी मागून घेतले, त्या यादीत घाटावरचे लोहगड, इसागड म्हणजे विसापूर, तुंग आणि तिकोना आहेत, आणि घाटाखालचे कर्नाळा आणि मुरंजनही आहेत. वाटेची वरची आणि खालची अशी दोन्ही टोके एकदम काढून घेतली की मधली चढण आपोआप आपली होते, असा त्यामागचा हिशेब मला दिसतो. १६७० मध्ये महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोहगड आणि कर्नाळा त्याच वर्षी स्वराज्यात परत आले.

पण त्याआधीची १६६१ ची उंबरखिंडीची लढाई या साऱ्या पट्ट्याच्या युद्धपद्धतीचा नमुना आहे, म्हणून तिच्याकडे लक्ष वेधतो. शाइस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकण काबीज करण्यासाठी पाठवले. बरोबर रायबागन ही वऱ्हाडातली कर्तबगार सरदारीण होती. खान लोणावळ्याच्या बाजूने येऊन कुरवंडे घाटाने खाली उतरू लागला. घाटमाथ्यावर त्याला कोणी अडवले नाही. तो उतरला, अरुंद वाटेत त्याची फौज लांबलचक पसरली, दोन्ही बाजूंना दाट रान, पाण्याची टंचाई, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी चावणीजवळच्या उंबरखिंडीत महाराजांच्या माणसांनी पुढून, मागून आणि बाजूंनी तिला कोंडले. रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरण जाऊन खंडणी दिली आणि सुटका करून घेतली. इथे एकाही किल्ल्याला वेढा पडला नाही, एकाही तटावरून तोफ डागली गेली नाही. खानाची चाल आधी कळली, तो कोणत्या वाटेने उतरतो हे पाहता आले, आणि त्याला हवे तिथे येऊ देऊन नको तिथे गाठता आले. घाट बंद ठेवला असता तर हा विजय मिळालाच नसता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी मोगलांशी चाललेल्या दीर्घ युद्धात हे किल्ले अनेकदा हात बदलत राहिले. तो तपशील इथे आवश्यक नाही. १७१३ चा प्रसंग मात्र आहे. कान्होजी आंग्रे घाट चढून वर आले, लोहगड आणि राजमाची त्यांनी घेतली आणि शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद करून लोहगडावर ठेवले. साताऱ्यावर संकट आले ते या एका घटनेमुळे, आणि बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली तीही याच अडचणीतून. बाळाजींनी लढण्याऐवजी बोलणी केली. झालेल्या तहात बहिरोपंत सुटले, शाहूंचा मुलूख परत मिळाला, पण राजमाची कान्होजींनी आपल्याकडे ठेवली. कोकणातल्या सत्ताधीशाने साऱ्या किल्ल्यांतून नेमकी राजमाचीच का राखली, हे तिची जागा पाहिल्यावर लक्षात येते. कड्यावरचा तो एक किल्ला हाती असला की वरून खाली कोण उतरते हे कुलाब्याला, म्हणजे आंग्र्यांच्या ठाण्याला, कळत राहते. पुढे १७३० मध्ये तो बाजीरावांकडे आला.

१७७६ मध्ये सदाशिवरावभाऊंचा तोतया कोकणचा बराचसा मुलूख घेऊन राजमाचीपर्यंत आला. पुण्याहून त्याच्याकडे आदराचे निरोप गेले. ते केवळ वेळ काढण्यासाठी होते. तेवढ्या अवधीत महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांची फौज किल्ल्याजवळ येऊन थडकली, आणि राजमाची व बोरघाट यांच्या दरम्यान थोडा प्रतिकार करून तोतयाचे लोक कोकणात पळाले. इथेही निर्णय फौजेने लावला.

आता इंग्रजांची पहिली चढाई. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या नोव्हेंबरमध्ये फौज पाठवली. कॅप्टन स्टुअर्टने पुढे जाऊन घाटमाथा ताब्यात घेतला, तोही प्रतिकारावाचून. मागून मुख्य फौज आली. सुमारे ३,९०० माणसे, आणि तोफा व सामान वाहायला १९,००० च्या आसपास बैल. हा दुसरा आकडाच त्या मोहिमेचे भवितव्य सांगतो. इतके बैल ज्या फौजेला लागतात तिला रोज चारा लागतो, पाणी लागते, आणि मागची वाट उघडी लागते. घाट चढून आल्यावर ही फौज इतक्या संथपणे पुढे सरकू लागली की कित्येक दिवशी तिचा कूच मैलभराचाही नसे. मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. स्वारांच्या टोळ्या बाजूंनी भिडत, तोफांचा मारा करत आणि मागे सरत राहिल्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफगोळ्याने मेला; मराठी लोकांनी त्याच्या धाडसाचे कौतुक करून त्याला इष्टुर फाकडा हे नाव दिले आणि ते आजही टिकून आहे. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव जाळून ओस केलेले होते, आणि वेळ आली तर चिंचवड व पुणेही जाळायची तयारी चालली होती.

११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून इंग्रजांनी परतीची वाट धरली. घाट गाठता आला असता तर ते कदाचित वाचले असते. महादजींच्या फौजेने त्यांना वडगावला वेढले आणि तिथे तह झाला. या काळात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे सगळे मराठ्यांच्या हाती होते. त्यांनी इंग्रजांवर हल्ला केला असे मी म्हणत नाही. पण इंद्रायणीच्या त्या पट्टीतून जाणाऱ्या फौजेला दोन्ही बाजूंच्या डोंगरांत शिरून चारा किंवा धान्य मिळवण्याची सोय उरली नव्हती, आणि घाटमाथ्यापासून तळेगावपर्यंतची तिची रसदवाट परक्या मुलखातून जात होती. किल्ले जिंकायला वेळ द्यावा तर पुणे हातचे जाणार, आणि किल्ले सोडून पुढे जावे तर पाठ उघडी पडणार; या पेचात मुंबईकरांनी दुसरा मार्ग निवडला आणि त्याची किंमत मोजली.

दोन वर्षांनी जनरल गॉडर्डने तीच चूक थोडी निराळ्या रीतीने केली. १७८० च्या डिसेंबरमध्ये वसई घेतल्यावर १७८१ च्या फेब्रुवारीत त्याने बोरघाट घेतला आणि खंडाळ्याला तळ दिला. त्याला वाटले की घाटमाथा हाती असला की पुणे दबकून तहाला येईल. नाना फडणवीस दबकले नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धनांना घाटाखाली कोकणात पाठवण्यात आले आणि पनवेलहून खंडाळ्याला येणाऱ्या प्रत्येक रसदेवर हल्ले सुरू झाले. घाटमाथा हातात, पण घाटाखालची वाट शत्रूच्या हातात, अशी गॉडर्डची स्थिती झाली. एप्रिलमध्ये त्याला पनवेलला परतावे लागले, आणि त्या परतीत हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊंनी त्याचा पिच्छा पुरवला. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून चारशेहून अधिक लोक झाले. घाटाचा माथा धरणे म्हणजे घाट धरणे नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

या काळात लोहगडाचे काम मात्र बदलत होते. नाना फडणवीसांनी तो आपल्या खास विश्वासातल्या माणसांकडे सोपवला, त्यावर बांधकामे केली आणि संपत्तीही तिथे ठेवली. आज चढताना लागणारे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे एकाखालोखाल एक वळणे घेणारे चार दरवाजे पाहिले की हा गड किती जपला गेला होता हे कळते. १८०० मध्ये नाना वारले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई आश्रयाला लोहगडावर गेल्या, आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मध्यस्थीनंतर पनवेलला राहायला आल्या. घाट राखण्यासाठी असलेला गड एका कारभाऱ्याची तिजोरी आणि त्याच्या कुटुंबाचे आश्रयस्थान झाला होता. माझ्या मते ही अधोगतीची खूण आहे, कारण गडाची निष्ठा राज्याऐवजी माणसाशी जोडली गेली की त्या माणसामागे गडाचा उपयोग संपतो.

१८१८ चा शेवट या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, काही दिवसांत पुणे गेले, दुसरे बाजीराव फौजेसह हिंडत राहिले, आणि २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ मार्चला, कर्नल प्रॉथर विसापूरसमोर आला. त्याच्याजवळ सुमारे ३८० गोरे, ८०० देशी शिपाई आणि तटफोड्या तोफा होत्या. जानेवारीत कर्नाळा त्याने आधीच घेतला होता. म्हणजे घाटाखालचे टोक सुरक्षित करून मगच तो वर आला होता, आणि १७७८ च्या फौजेने जे केले नाही ते त्याने केले. विसापूर त्याच दिवशी विरोधावाचून हाती आला. विसापूर गेल्यावर लोहगडाच्या शिबंदीने फार काळ वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी तोही इंग्रजांकडे गेला. उंच शेजारी शत्रूच्या हाती गेल्यावर खालच्या गडावर बसून राहण्यात अर्थ नाही, हे आज्ञापत्राने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेच होते. तुंग, तिकोना आणि राजमाची यांनीही लढा दिला नाही.

कोरीगडाचा प्रसंग वेगळा सांगितला पाहिजे, कारण तिथे माणसे लढली. ११ मार्चला प्रॉथरने गडाला वेढा घातला. शिबंदी तटाआड टिकून होती, पण इंग्रजांचा एक गोळा दारूकोठारावर पडला, कोठार उडाले आणि १४ मार्चला गडाने शरणागती दिली. त्या वेळी वर सुमारे ६०० माणसे होती. म्हणजे माणसांत धैर्य नव्हते असे नाही. पण त्या वेढ्याला बाहेरून उठवायला येणारी फौज कुठेच नव्हती, आणि उखळी तोफांपुढे बंदिस्त दारूकोठार हीच गडाची सर्वांत कमकुवत जागा ठरली. वेढा घालणाऱ्याला रोज मागे वळून पाहावे लागले असते तर त्याला इतक्या निवांतपणे नेम धरता आला नसता, असे मला वाटते.

त्यानंतर इंग्रजांनी विसापूरचे दोन्ही दरवाजे सुरुंगाने उडवले. वाटेकडे मात्र त्यांनी मन लावून लक्ष दिले: वेलस्लीने १८०४ मध्ये घाट तोफा नेण्याजोगा करून घेतला होता, १८३० मध्ये गाड्यांसाठी रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये २५ बोगद्यांची रेल्वे वर आली.

तुलनेसाठी दोन नावे पुरतील. नाणेघाट अरुंद नाळेतून चढतो आणि माथ्याला अगदी लागूनच जीवधन आहे. तिथे किल्ला आणि वाट इतकी जवळ आहेत की पहारा आणि जकात एकाच ठिकाणाहून चाले, आणि त्यामागे चावंड, हडसर, शिवनेरी अशी जुन्नरपर्यंतची साखळी आहे. पारघाटावर प्रतापगड जावळी घेतल्यानंतर महाराजांनी मुद्दाम बांधून घेतला. तरीही १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाच्या फौजेचा निकाल लागला तो गडाखाली कोयनेच्या खोऱ्यातल्या रानात, दबा धरून बसलेल्या माणसांच्या हातून. वाटेला चिकटून असलेल्या किल्ल्यांचीही गोष्ट शेवटी बोरघाटासारखीच आहे.

हे सगळे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर एक सूचना करतो. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत लोहगड आहे, आणि त्यामुळे गर्दी त्याच्याकडेच वळते. लोहगड एकटा पाहून मात्र त्याचे काम कळत नाही. पहिल्यांदा कोंढाणे लेण्यांच्या बाजूने राजमाची चढा, म्हणजे कोकणातून येणाऱ्याला काय दिसते ते कळेल. नंतर विसापूरच्या तटावरून लोहगडाकडे पाहा. प्रॉथरने आधी विसापूर का घेतला हे तिथे कोणी सांगावे लागत नाही. लोहगडावर विंचूकाटा नावाच्या लांब अरुंद सोंडेच्या टोकापर्यंत जाऊन इंद्रायणी आणि पवना ही दोन्ही खोरी नकाशावर लावून घ्या. कोरीगडाचा तट या सर्वांत सलग आणि चांगल्या स्थितीत असल्यामुळे, शिबंदी तटावर कशी वाटली जात असेल याचा अंदाज तिथेच सर्वांत नीट येतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीपासून हवा स्वच्छ असते. त्या दिवसांत एका गडावरून दुसरा गड दिसतो की नाही याची नोंद प्रत्येक ठिकाणी करून ठेवा.